पेला, पाव आणि पैसा

घरखर्चाच्या वहीत चहा, कॉफी, पाव आणि बिस्किटे यांना बहुधा स्वतंत्र जागा मिळत नाही. तांदूळ, डाळ, तेल, भाडे, शाळेची फी यांची नोंद चोख होते; उरलेले सारे ‘किरकोळ’ या एका शब्दाखाली जमा होते. हिशेब तपासण्याचा ज्यांना थोडाबहुत सराव आहे त्यांस ठाऊक आहे की, वहीतील सर्वांत संशयास्पद रकाना हाच होय. मोठ्या रकमेकडे सर्वांचे लक्ष असते. किरकोळ रक्कम मात्र रोज येते, मुकाट्याने येते आणि वर्षाच्या शेवटी मोठ्या रकमेच्या शेजारी मानाने जाऊन बसते. म्हणून काटकसरीचा उपदेश करणारा प्रत्येक वडीलधारा माणूस पहिला घाव या पेल्यावर आणि पावावरच घालतो. हा उपदेश योग्य की अयोग्य, याचा निवाडा करण्यापूर्वी पेल्याची आणि पावाची किंमत आपल्याकडे आजवर कोणी कोणी ठरविली, हे पाहणे उद्बोधक होईल. ती किंमत नेहमीच पैशात मोजली गेली असे नाही.

दमणगंगेच्या खोऱ्यात, सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर राखोली हे गाव आहे. हा मुलूख मुळात वारली, कोकणा, धोडिया यांचा. येथील अन्न म्हणजे नागलीची भाकरी, भात आणि आंबील. मराठी आरमाराने १७७२ मध्ये ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज नष्ट केले. पुढे १७७९ च्या तहान्वये त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी वार्षिक १२,००० रुपये वसुलीची गावे पोर्तुगीजांस तोडून दिली. नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली ती १७८३ मध्ये. दादरा त्यांनी १७८५ मध्ये विकत घेतले. ही केवळ वसुलीची देणगी, सरंजाम, की सार्वभौमत्वाचे दान, या प्रश्नाचा खल पुढे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात झाला आणि १२ एप्रिल १९६० रोजी त्याचा निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो केवळ वसुलीचा हक्क होता, असे न्यायालयास आढळले. दमण आणि या गावांच्या दरम्यान खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल नेण्याआणण्याचा पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने इंग्रजी अमलापासूनच्या दीर्घ वहिवाटीच्या आधारे मान्य केला. सैन्य नेण्याचा मात्र मान्य केला नाही. आणि भारताने १९५४ मध्ये या हक्काचा भंग केला नाही, असाही निर्णय दिला. त्या ‘सर्वसाधारण माल’ या रूक्ष शब्दांतच मैदा, साखर आणि कॉफीही सामावलेली आहे, हे वाचकांच्या लक्षात येईलच. राज्ये तहांनी जातात, पण माणसांच्या तोंडचे अन्न वाटेवरच्या जकातीवर अवलंबून असते.

पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेल्या शब्दांची यादी पाहिली तर ती दरबारापेक्षा घरातीलच अधिक दिसते: पाव, बटाटा, काजू, परात, घमेले, चावी, पगार. शेवटचा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. पगार आणि पाव हे दोन्ही शब्द एकाच भाषेतून आले आणि बहुतेक ठिकाणी एकाच्या मागोमाग दुसरा घरात शिरला. शेतावर जगणाऱ्याला भाकरी पुरते. ठरावीक वेळी कामावर हजर व्हावयाचे असलेल्याला तयार भाजलेले काहीतरी हाताशी लागते.

गोमंतकात मात्र पाव इतक्या सरळ मार्गाने आला नाही. पदेराने नारळीच्या सुरेने पीठ आंबवून भट्टीत पाव भाजण्याची विद्या सासष्टीत रुजली. तेथील माजोर्डा गावाचा मान परंपरेने पहिला मानला जातो. परंतु हिंदूंच्या मनात पावाची प्रतिमा अन्नाची नव्हती, धाकाची होती. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, ते पाणी गाव प्याले आणि गाव बाटले, ही कथा कोकणपट्टीत घरोघर सांगितली जाई. ती प्रत्येक गावी जशीच्या तशी घडली की नाही, यापेक्षा ती सर्वत्र खरी मानली गेली, हीच महत्त्वाची घटना आहे. त्या काळी कायदाही स्वयंपाकघरात शिरला होता. इन्क्विझिशनने १७३६ च्या आज्ञापत्रात नवख्रिस्ती लोकांस हिंदूंचे जे आचार वर्ज्य केले, त्यांत हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवून मीठ वरून घेण्याचीही मनाई होती. भातात मीठ केव्हा घालावे हे जेथे धर्मन्यायालय ठरविते, तेथे पावाला पावाची किंमत कशी राहणार? तो कोणत्या बाजूचा, एवढेच पाहिले जाणार.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची कुलदैवते सोळाव्या शतकात सासष्टी आणि तिसवाडी सोडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात, आली. तो प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती गेला १७६३ मध्ये, जेव्हा सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून नव्या काबिजादींतील हिंदूंच्या घरी पाव आला तो विहिरीतून नव्हे, तर पदेराच्या टोपलीतून. आधी दारापर्यंत, मग ओसरीपर्यंत आणि पुष्कळ उशिराने माजघरात. देवाच्या नैवेद्यात त्याला आजही स्थान नाही, आणि ते असावे असे कोणी म्हणतही नाही. पण देवळाबाहेरच्या हॉटेलात पातळ भाजीबरोबर उंडो खाताना कोणाचेही मन आज कचरत नाही. एका पदार्थाने भयापासून भाजीपर्यंत केलेला हा प्रवास दोन-अडीच शतकांचा आहे.

सनातनी मनाचा पावावरील आक्षेप वकिली भाषेत मांडावयाचा तर त्यात तीन कलमे होती. पीठ कोणी मळले, हे पहिले. ते कशाने आंबविले, हे दुसरे. आणि ते कोणाच्या हातून घेतले, हे तिसरे. दुसऱ्या कलमात सुरा, म्हणजे मद्याचा संसर्ग, असल्याने ते विशेष गंभीर समजले जाई. बिस्किटाला सुरा लागत नव्हती, तरी पहिले आणि तिसरे कलम त्यालाही लागू होतेच. या खटल्याची सर्वांत गाजलेली सुनावणी गोमंतकात झाली नाही. ती पुण्यात झाली.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील चाळीसवर प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हाती घेऊन तसाच ठेवला. पुढे आनंदीबाई जोश्यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली आणि शहरात आग भडकली. सनातन पक्षाने शंकराचार्यांकडे दाद मागितली. चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. जाब, जबाब, युक्तिवाद सारे यथासांग झाले. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. आपल्यामुळे मित्रांच्या घरी जो त्रास चालला होता तो थांबावा, हा त्यामागील हेतू होता. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांतील मनःस्ताप नोंदवून ठेवला आहे.

या प्रकरणाकडे सुधारक आणि सनातनी यांच्या झगड्याचा अध्याय म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. ते बरोबरच आहे. परंतु घरखर्चाच्या दृष्टीनेही त्याकडे पाहावे. मिशनमधील तो पेला फुकट होता. त्याचा एक पैसाही कोणास द्यावा लागला नाही. तरीही त्यापायी घरच्या मंगलकार्यांना पुरोहित मिळेनासे झाले, जुन्या मैत्रीत अंतर पडले, प्रायश्चित्ताचा आणि दक्षिणेचा खर्च आला, आणि ज्यांचे क्षण राष्ट्रकार्याला हवे होते त्यांचे महिनेच्या महिने चहा प्याला की केवळ शिवला, या वादात गेले. ही किंमत पिणाऱ्याने ठरविली नव्हती, पाजणाऱ्यानेही नाही. ती पाहणाऱ्याने ठरविली होती.

ही बंधने शास्त्रार्थाने सुटली नाहीत. ती आगगाडीने, कचेरीने आणि हॉटेलाने सोडविली. १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. स्टेशनांवर, गिरण्यांपाशी, बाजारात पेले वाटले गेले. आधी फुकट चव, मग सवय, मग खर्च, असा तो क्रम होता. मधल्या काळात ‘ब्राह्मणाचे हॉटेल’, ‘हिंदू हॉटेल’ अशा पाट्यांनी जुन्या आक्षेपांपैकी तिसऱ्या कलमाची सोय लावली. पण त्या सोयीची किंमत दुसऱ्याच कोणीतरी भरीत होता, हे विसरता येणार नाही. अनेक गावी अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी निराळी कपबशी असे. ती त्यांनी स्वतःच विसळून ठेवावयाची असे. पैसा तोच, चहा तोच, पण पेला वेगळा. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे सर्वांस खुली केली, १७ व्याने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरविले. संविधानासारख्या गंभीर ग्रंथात उपाहारगृहाचा नामनिर्देश का करावा लागला, याचे उत्तर त्या निराळ्या कपबशीत आहे. ज्या काटकसरीत दुसऱ्याचा मान खर्ची पडतो, ती काटकसर नव्हे.

आता कॉफीकडे वळू. आपल्या या द्वैभाषिक कुटुंबात मराठी घर चहाचे आणि कारवार-मंगळूरकडील कोंकणी घर कॉफीचे, अशी ढोबळ वाटणी आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी मोख्याहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. मोठ्या प्रमाणावर मळे आले ते एकोणिसाव्या शतकात. त्यापूर्वी आणि त्यानंतरही सारस्वत घरात सकाळचे पेय होते ते कषाय: धणे, जिरे, मिरी भाजून केलेली पूड, गूळ आणि दूध. महाग कॉफीला स्वस्त पर्याय म्हणून ते आले नाही. उलट कॉफीच त्याच्या जागी पाहुणी म्हणून आली आणि यजमानीण झाली.

कॉफीच्या किमतीच्या इतिहासात दोन घटना आपल्या दृष्टीने मोलाच्या आहेत. कॉफी उपकर समितीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद पडली तेव्हा १९४२ च्या कायद्याने कॉफीचे उत्पन्न एकत्र गोळा करून विकण्याची व्यवस्था झाली, आणि परदेशी न गेलेली कॉफी देशातच खपविण्याची निकड निर्माण झाली. ही पहिली घटना. पुढे १९५०-६० च्या दशकात मंडळाने ही कॉफी हाउसे बंद करावयास घेतली आणि शेकडो कामगारांवर बेकारीची पाळी आली. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था स्थापन केल्या. बंगळूरची संस्था ऑगस्ट १९५७ मध्ये, दिल्लीची त्याच वर्षी ऑक्टोबरात आणि त्रिचूरची १९५८ मध्ये कामाला लागली. ही दुसरी घटना. पेला भरणारा आणि दुकानाचा मालक एकच झाल्याने मधला नफा गळाला, आणि साध्या पगारदाराला परवडेल अशा दरात कॉफी मिळत राहिली. उपदेशाने जे साधले नाही ते संघटनेने साधले. रोजच्या पेल्यात खरी बचत करावयाची तर ती पिणाऱ्याने न पिण्यानेच होते असे नाही. मालकी बदलल्यानेही होते.

राखोलीच्या परिसराला सहकाराचा हा धडा अपरिचित नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विधिवत् विलीन झाला. आणि त्यानंतर येथील पहिली औद्योगिक वसाहत १९६५ मध्ये पिपरिया येथे उभी राहिली ती दान उद्योग सहकारी संघाच्या रूपाने. करसवलतींमुळे पुढे कारखाने वाढत गेले आणि राखोलीपर्यंत पोहोचले. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. आज येथे पाळी सुटते तेव्हा फाटकाबाहेरच्या टपरीवर वारली तरुण, बिहारचा कामगार, ओडिशाचा यंत्रचालक आणि गुजराती मुकादम एकाच पातेल्यातील चहा पितात. पेला कोणाचा, असे कोणी विचारीत नाही. १८९० च्या पुण्यात ज्याची चौकशी शास्त्रीमंडळींपुढे चालली, ते येथे दिवसातून तीनदा घडते आणि त्याची बातमीही होत नाही. इतिहासाने दिलेली ही सूट फार मोठी आहे.

पण पैशाचा प्रश्न उरतोच. समजा, एखादा कामगार रोज दहा रुपयांचे तीन चहा आणि पाच रुपयांचे दोन बिस्किटपुडे घेतो. दिवसाचे ४० रुपये झाले; महिन्याच्या २६ हजेऱ्यांचे १,०४० आणि वर्षाचे १२,४८०. ज्या घरी मुलाची फी हप्त्यांनी भरावी लागते तेथे ही रक्कम किरकोळ म्हणता येत नाही. मग त्यास चहा सोड म्हणून सांगावे काय? महात्मा गांधींनी आरोग्यविषयक लेखनात चहा, कॉफी, कोको यांपैकी कशाचीच शरीराला गरज नाही, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि वैद्यकदृष्ट्या ते खोडून काढणे अवघड आहे. परंतु आठ तास यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस टपरीवर केवळ चहा विकत घेत नाही. दहा मिनिटे बसण्याची जागा, ओळखीचा शब्द आणि गावाकडची खबरही त्याच दहा रुपयांत घेतो. हे ज्याला दिसत नाही त्याने त्याच्या वहीला हात लावू नये.

बचतीचे अंग मात्र डोळसपणाचे आहे, आणि येथे थोडा कायदा उपयोगी पडतो. बिस्किटांच्या लहान पुड्याची किंमत वर्षानुवर्षे तीच राहते आणि आतले वजन हळूहळू उतरते, हा अनुभव सर्वांचा आहे. किंमत वाढली की गिऱ्हाईक तक्रार करते. वजन घटले की ते फक्त लवकर भुकेजते. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत बिस्किटे, पाव, कॉफी इत्यादींस ठरावीक वजनांचेच पुडे करण्याचे बंधन होते. २०२२ मध्ये ते उठले आणि त्याऐवजी दर ग्रॅमचा भाव छापण्याचा नियम आला. तो भाव पुड्यावर बारीक अक्षरात असतो. पण शहाण्या गृहिणीने वाचावयाचा मजकूर तोच आहे. कॉफीचेही तसेच. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असलीच पाहिजे आणि चिकोरीचे प्रमाण डब्यावर लिहिलेच पाहिजे, असा दंडक आहे. जामनगरकडे पिकणारी चिकोरी वाईट वस्तू नव्हे. अनेकांस तिचा दाटपणा आवडतो. पण ती कॉफीच्या भावाने का घ्यावी? कराचेही ध्यान ठेवावे. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये आला तेव्हा बिस्किटांवर १८ टक्के कर बसला. त्यापूर्वी किलोला १०० रुपयांपर्यंतची साधी बिस्किटे उत्पादनशुल्कातून मुक्त होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, केक आणि झटपट कॉफी यांवरील कर ५ टक्क्यांवर आला आहे. तो फरक आपल्या पुड्यात किंमत होऊन उतरला, वजन होऊन उतरला, की उतरलाच नाही, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे.

नागलीचीही एक गंमत येथेच नोंदवितो. वारली आणि कोकणा घरांतून नागलीची भाकरी मागे पडू लागली आणि मैद्याचे बिस्कीट तिच्या जागी बसले. आणि आता शहरांत तीच नागली बिस्किटाच्या रूपाने, सुबक वेष्टनात, मैद्याहून चढ्या भावाने मिळते. गरिबाने लाजून सोडलेले धान्य श्रीमंताने पथ्य म्हणून उचलले. राखोलीच्या माणसाला आपल्याच शेतातील दाणा पुन्हा विकत घ्यावा लागू नये, एवढी दक्षता घेतली तरी त्याच्या वहीतील मोठी गळती थांबेल.

देवस्थानांच्या मंडळींस या इतिहासातून घेण्यासारखे काही आहे असे मला वाटते. जत्रेच्या आणि पालखीच्या दिवसांत चहा-फराळाचा खर्च हिशेबात सर्वांत शेवटी लिहिला जातो आणि सभेत सर्वांत आधी निघतो. तो कमी करण्यासाठी पेले मोजण्याचे कारण नाही. अग्रशाळेत एकच मोठे पातेले चढवावे, दूध आणि साखर एकदम घाऊक घ्यावी, पुड्यांच्या बिस्किटांऐवजी गावच्या पदेराला अगर बचतगटाला आधी मागणी द्यावी, आणि वर्षाकाठी जो फरक पडेल तो फलकावर लावावा. उपवासाच्या दिवशी कषायाचे भांडे शेजारी ठेवले तर जुन्या मंडळींचाही आशीर्वाद मिळेल. आणि पेले सर्वांस एकाच आकाराचे असावेत. या एका नियमाला पैसा लागत नाही. तो आपल्या पूर्वजांनी भरून ठेवला आहे.